पावणेसात नॅनोसेकंदांचा हिशोब

दोन सर्व्हर, थोडे जुने. दोन्हींत १०० गिगाबिटचं एकेक कोरं नेटवर्क कार्ड आणि मध्ये तांब्याची दोन मीटरची केबल. स्विचसुद्धा नाही, थेट या कार्डातून त्या कार्डात. दिवा हिरवा लागला, ड्रायव्हरनेही लिंक १०० गिगाबिटची असल्याचं कबूल केलं. मग आयपर्फ चालवून वेग मोजला, तर आकडा आला २३. केबल बदलली, २३. पोर्ट बदललं, तरी तेच. एकाऐवजी आठ कनेक्शन एकदम उघडली तेव्हा आकडा चढला आणि ५२ वर जाऊन बसला. सोळा केली, बत्तीस केली, तो जागचा हलेना.

माझी अख्खी दुपार त्यात गेली. केबलवर संशय घेणं सोपं असतं, कारण ती हातात धरता येते. पण दुखणी दोन होती, वेगवेगळी होती आणि दोन्ही सर्व्हरच्या पोटात होती. कार्डाच्या खोक्यावर छापलेला आकडा हा तारेचा आकडा असतो, एवढं त्या दुपारी पक्कं डोक्यात बसलं. तारेतून आलेलं सगळं प्रोग्रॅमच्या हातात पोचवायचं कसं, ही पुढची गोष्ट. ही कार्डं महाग आणि गुंतागुंतीची होत गेली ती त्या पुढच्या गोष्टीपायी.

आधी एक छोटा गोंधळ मिटवू. नेटवर्कचा वेग बिटांत मोजतात, फाइलचा आकार बाइटांत. म्हणजे १०० गिगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा गिगाबाइट. हा आठचा भागाकार विसरून तक्रार करणारे दर महिन्याला एक तरी भेटतात.

आता मूळ हिशोब. तारेच्या नेहमीच्या नेटवर्कला इथरनेट म्हणतात आणि त्यावरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो; असा एकेक तुकडा म्हणजे पॅकेट. इथरनेटवरचं सर्वांत छोटं पॅकेट ६४ बाइटचं असतं. त्याच्या आधी ८ बाइटची सूचना जाते आणि नंतर १२ बाइटची मोकळी जागा सोडावी लागते. तारेवर एकूण ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. १ गिगाबिटच्या तारेवरून एवढं जायला ६७२ नॅनोसेकंद लागतात, १० गिगाबिटवर ६७.२ आणि १०० गिगाबिटवर ६.७२. पावणेसातच धरा. अशी छोटी पॅकेटं पाठोपाठ आली, तर सेकंदाला १४ कोटी ८८ लाख होतात.

पावणेसात नॅनोसेकंदांत काय होतं? काचेच्या तंतूतून प्रकाश जेमतेम सव्वा-दीड मीटर जातो. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे वीस ठोके पडतात. आणि प्रोसेसरला हवी असलेली वस्तू त्याच्या कॅशमध्ये (अगदी जवळच्या छोट्या मेमरीत) नसेल, मुख्य मेमरीतून आणायची असेल, तर एका फेरीला ऐंशी-शंभर नॅनोसेकंद लागतात. म्हणजे प्रोसेसर एकदा मेमरीपर्यंत जाऊन येईतो दारात डझनभर पॅकेटं येऊन उभी असतात.

प्रत्यक्षात सगळी पॅकेटं इतकी चिमुकली नसतात हे खरं. नेहमीच्या १५०० बाइटच्या पॅकेटला १०० गिगाबिटवर १२३ नॅनोसेकंद मिळतात. तरी ती सेकंदाला ८१ लाख होतात, आणि प्रत्येकासाठी मेमरीची एक फेरी म्हटली तरी हातात काही उरत नाही.

प्रोसेसरच्या डोक्यावरचं ओझं

जुनी पद्धत सरळ होती. पॅकेट आलं की कार्ड ते मेमरीत ठेवायचं आणि प्रोसेसरला हाक मारायचं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम अर्धवट टाकून यायचा, पत्ता वाचायचा, बेरीज जुळते का (म्हणजे मजकूर वाटेत बिघडला नाही ना) तपासायचा, कुठल्या प्रोग्रॅमचं आहे ते शोधायचा, त्या प्रोग्रॅमच्या जागेत मजकूर उतरवून द्यायचा, त्याला जागं करायचा आणि मग आपल्या कामाकडे परत. १ गिगाबिटच्या काळात हे कुणाला जाणवलंही नाही. १० गिगाबिटचं इथरनेट प्रमाण २००२ साली आलं आणि पुढे ती कार्डं सर्व्हरमध्ये रुळली, तेव्हा मात्र हाकांनाच ओ देता देता प्रोसेसरची दमछाक होऊ लागली.

त्यावरचे उपाय एकेक करून आले आणि आज ते प्रत्येक बऱ्या कार्डात असतात. हाकांपासूनच सुरुवात करू. दर पॅकेटमागे हाक मारायची नाही. एकदा मारली की ड्रायव्हर आणखी हाका बंद करतो आणि साचलेली पॅकेटं घाऊक उचलतो. ही साठवण्याची जागा बघण्यासारखी आहे. तिला रिंग म्हणतात. मेमरीत एक वर्तुळाकार यादी असते आणि ड्रायव्हर तिच्या घराघरांत रिकाम्या बफरांचे (पॅकेट ठेवायच्या जागांचे) पत्ते लिहून ठेवतो. कार्ड एका टोकाने ती भरत जातं, ड्रायव्हर दुसऱ्या टोकाने उपसत जातो आणि रिकामे पत्ते पुन्हा मांडत जातो. दोघंही एकमेकांची वाट न बघता गोल फिरत राहतात. ड्रायव्हर मागे पडला आणि कार्डाला रिकामं घर सापडेना, की कार्ड पॅकेट निमूटपणे टाकून देतं. आवाज नाही, एरर नाही. ईथटूल या कार्डाची माहिती देणाऱ्या आज्ञेच्या आकडेवारीत एक काउंटर तेवढा वाढलेला दिसतो. "नेटवर्क अधूनमधून अडखळतं" या तक्रारीवर मी सगळ्यात आधी तिकडे बघतो.

दुसरा उपाय म्हणजे हमालीची कामं कार्डाकडे सोपवणं. बेरीज तपासणं कार्ड करतं. पाठवताना प्रोसेसर ६४ किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा एकदम देतो; त्याचे दीड-दीड हजार बाइटचे तुकडे पाडून प्रत्येकावर टीसीपीचं (मजकूर क्रमाने आणि न हरवता पोचवायच्या नियमांचं) नाव-गाव लिहिणं हेही कार्डाचंच काम.

तिसऱ्या उपायात माझ्या २३ चं उत्तर होतं. प्रोसेसरमध्ये आता डझनावारी कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात, तेव्हा आलेली पॅकेटं त्यांच्यात वाटून द्यायची. पण कशी वाटायची? आळीपाळीने दिली, तर एकाच फाइलचे तुकडे वेगवेगळ्या कोरवर जाऊन त्यांचा क्रम बिघडेल. म्हणून कार्ड पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोघांचे पोर्ट क्रमांक घेऊन त्यांचा हॅश, म्हणजे त्यांच्यापासून ठरावीक रीतीने निघणारा एक आकडा, काढतं आणि त्यावरून रांग ठरवतं. प्रत्येक रांगेला आपला कोर. एका कनेक्शनचे हे चार आकडे कधीच बदलत नाहीत, त्यामुळे त्याची सगळी पॅकेटं शेवटपर्यंत एकाच रांगेत, एकाच कोरकडे.

मी एकच कनेक्शन उघडलं होतं. कोर किती राबतात ते दाखवणारा टॉप लावून पाहिलं, तर एक कोर शंभर टक्क्यांवर घामाघूम आणि बाकीचे एकतीस हात बांधून उभे. त्या एकट्या कोरला सेकंदाला जेवढी पॅकेटं उपसता येत होती, तो आकडा होता २३ गिगाबिट. कार्डाचा यात काही दोष नव्हता. आठ कनेक्शन उघडल्यावर काम आठ कोरांत पांगलं. खरं तर सहाच कोरांत, कारण हॅशमध्ये कनेक्शनांच्या दोन जोड्या प्रत्येकी एकाच रांगेत पडल्या होत्या. हे नशिबाचं काम आहे आणि मोजमाप करताना त्याने चांगलंच फसायला होतं.

आडातच नाही तर

मग ५२ वर काय अडलं? सगळे कोर निवांत होते आणि तरी आकडा पुढे सरकत नव्हता. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधल्या रस्त्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

हा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. मदरबोर्डावरच्या लांबट स्लॉटमध्ये कार्ड बसतं, त्या स्लॉटमागे लेन असतात: चार, आठ किंवा सोळा. प्रत्येक लेनचा वेग पिढीवर ठरतो. तिसऱ्या पिढीत लेनमागे साधारण ८ गिगाबिट, चौथीत १६, पाचवीत ३२. म्हणजे तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन धरल्या, तर एका दिशेने १२६ गिगाबिट. १०० चं कार्ड त्यात मावतं. आठच लेन असतील तर ६३. त्यातूनही पीसीआयच्या आपल्या पॅकेटांच्या शीर्षकांचा खर्च वजा जातो आणि हातात पन्नास-पंचावन्न उरतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण माझं कार्ड बसलं होतं ते सोळाच्या लांबीच्या स्लॉटमध्ये! लबाडी इथेच असते. स्लॉटची प्लास्टिकची लांबी सोळाची, मागे जोडलेल्या लेन मात्र आठ. मदरबोर्ड बनवणारे असं सर्रास करतात. त्यात गैर काही नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंही असतं. कार्ड खोचताना ते पान उघडतं कोण? स्लॉटांतली कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर आउटपुटमध्ये दोन ओळी असतात. एकीत कार्डाची कुवत असते, तिथे रुंदी सोळा. दुसरीत प्रत्यक्ष जुळलेली स्थिती: रुंदी आठ, आणि पुढे "डाउनग्रेडेड" असा शब्द. पहिल्या मिनिटाला बघायची ओळ मी चौथ्या तासाला पाहिली.

हाच हिशोब पुढच्या कार्डांना लावून बघा. दोन पोर्ट असलेलं १०० गिगाबिटचं कार्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये लावून कुणी २०० मिळतील म्हणून बसला, तर ते मिळणार नाहीत, कारण दोन्ही पोर्टांचा दरवाजा एकच, १२६ चा. तिथे दुसरं पोर्ट पहिलं बंद पडलं तर असावं म्हणूनच असतं. २०० ला चौथी पिढी लागते. ४०० ला पाचवीच्या पूर्ण सोळा लेन लागतात, कारण त्यांतून ५०४ जातात. ८०० ची कार्डं सहाव्या पिढीशिवाय एका स्लॉटमधून पूर्ण वेगाने चालत नाहीत. नेटवर्क आणि स्लॉट यांची ही शर्यत वर्षानुवर्षं चालू आहे आणि कधी एक पुढे, कधी दुसरा.

दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये आणखी एक मेख असते. कार्डाचा स्लॉट दोघांपैकी एकाच प्रोसेसरला जोडलेला असतो. तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत असेल, तर प्रत्येक बाइटला मधला पूल ओलांडावा लागतो. प्रोग्रॅम कार्डाच्या बाजूच्या कोरांना बांधून टाकला की फरक लगेच दिसतो.

मधल्याला बाजूला सारा

आतापर्यंतचे उपाय प्रोसेसरचं ओझं हलकं करणारे होते. दुसऱ्या काही मंडळींनी प्रश्नच वेगळा विचारला: प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम मध्ये हवेतच कशाला? एका सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर दुसऱ्याच्या मेमरीत कार्डांनी परस्पर नेऊन ठेवावा. याला आरडीएमए म्हणतात, रिमोट डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. हे ज्या नेटवर्कवर नावारूपाला आलं ते इन्फिनिबँड. १९९९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी प्रस्ताव एकत्र येऊन ते जन्मलं. एका बाजूला इंटेल होती, दुसऱ्या बाजूला आयबीएम, एचपी आणि कॉम्पॅक. पहिलं प्रमाण २००० मध्ये निघालं. त्याच सुमारास सुरू झालेली इस्रायलची मेलॅनॉक्स या क्षेत्रातली मुख्य कंपनी ठरली आणि २०२० मध्ये एनव्हिडियाने ती विकत घेतली.

हे चालतं कसं ते जवळून पाहू. प्रोग्रॅम सुरुवातीला एकदाच ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो आणि सांगतो, मेमरीचा एवढा तुकडा नेटवर्कसाठी. सिस्टीम तो तुकडा जागेवर खिळवून ठेवते, म्हणजे तो डिस्कवर वगैरे हलवायचा नाही. त्याचा खरा पत्ता कार्डाला कळवते आणि प्रोग्रॅमच्या हातात एक किल्ली देते. ही किल्ली समोरच्या सर्व्हरला कळवायची. यानंतर सिस्टीमचा संबंध संपला. पाठवायचं असेल तेव्हा प्रोग्रॅम "इथून एवढं उचल, तिकडे अमुक पत्त्यावर, या किल्लीने ठेव" अशी चिठ्ठी आपल्या रांगेत टाकतो आणि कार्डाच्या एका रजिस्टरवर टकटक करतो. त्या रजिस्टरचं नावच डोअरबेल. कार्ड चिठ्ठी वाचतं आणि मजकूर उचलून पाठवतं. पलीकडचं कार्ड किल्ली तपासून तो थेट जागेवर ठेवतं. पलीकडच्या प्रोसेसरला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. मधली एकही कॉपी नाही, एकही इंटरप्ट नाही. नेहमीच्या टीसीपीच्या वाटेने छोटा निरोप पोचायला दहा-वीस मायक्रोसेकंद लागत असतील, तर इथे एक-दोन.

या कारभाराला एक अट असते: मध्ये पॅकेट हरवता कामा नये. इन्फिनिबँडमध्ये ती मुळातच पाळली जाते. समोरच्याने "माझ्याकडे एवढी जागा आहे" असं सांगितल्याशिवाय पाठवणारा पाठवतच नाही. इथरनेटचा स्वभाव नेमका उलटा आहे. स्विचमध्ये गर्दी झाली की तो पॅकेट टाकून मोकळा होतो. परत पाठवायची काळजी टीसीपीने करावी.

तरीही इथरनेट सगळीकडे आहे, माणसांना सवयीचं आहे. म्हणून आरडीएमए त्यावर चालवायचा घाट घातला गेला. २०१० मध्ये रॉकी (आरडीएमए ओव्हर कन्व्हर्ज्ड इथरनेट) आलं. २०१४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि ती टीसीपीच्या साध्या भावंडाच्या, यूडीपीच्या, ४७९१ पोर्टवरून जात असल्यामुळे राउटरपलीकडेही पोचते. पण पॅकेट टाकणाऱ्या इथरनेटला न टाकायला शिकवायचं, इथे घोडं पेंड खातं. त्यासाठी स्विच भरत आला की मागच्याला "थांब" म्हणतो. मागचा थांबला की तोही भरतो आणि त्याच्या मागच्याला थांबवतो. एका हळू सर्व्हरपायी तुंबलेली गर्दी अशी मागे मागे पसरत जाते आणि ज्यांचा त्या सर्व्हरशी काही संबंध नाही त्यांचीही वाट अडते. म्हणून "थांब" म्हणायची पाळी येण्याआधीच पॅकेटवर गर्दीची खूण करायची आणि ती पाहून पाठवणाऱ्या कार्डाने आपणहून वेग कमी करायचा, अशी दुसरी यंत्रणा सोबत लावतात. या दोन्हींचे उंबरठे प्रत्येक स्विचवर आणि प्रत्येक कार्डावर जुळावे लागतात. माझं मत विचाराल, तर ज्यांच्याकडे हे जुळवत बसायला माणूस नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. बिनघोर टीसीपी बिघडलेल्या रॉकीपेक्षा कैक पटींनी बरा.

मोठ्या कंपन्यांनाही हे दुखणं ठाऊक आहे. २०२३ मध्ये एएमडी, ब्रॉडकॉम, सिस्को, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियम स्थापलं आणि २०२५ मध्ये त्याचं पहिलं प्रमाण बाहेर आलं. त्यात पॅकेटं अनेक वाटांनी पांगवलेली चालतात, क्रम चुकवून आलेली चालतात आणि एखादं हरवलं तर तेवढंच परत मागवलं जातं.

एवढी सगळी घाई कुणाला? एआयला. मोठं मॉडेल शिकवताना शेकडो-हजारो जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) आपापला वाटा सोडवतात आणि प्रत्येक पायरीला एकमेकांची उत्तरं एकत्र करतात. ते होईतो पुढची पायरी नाही. त्यामुळे सरासरी वेगाला तिथे अर्थ उरत नाही. सर्वांत उशिरा पोचलेल्या पॅकेटसाठी सगळे थांबतात. म्हणूनच एनव्हिडियाच्या डीजीएक्स एच१०० मध्ये आठ जीपीयूंना ४०० गिगाबिटची आठ कनेक्टएक्स-७ अडॅप्टर दिलेली आहेत, दर जीपीयूमागे एक. कार्ड तिथे सर्व्हरच्या मुख्य मेमरीलाही वगळतं आणि जीपीयूच्या मेमरीत थेट लिहितं.

क्लाउडवाल्यांची गरज निराळी. एकाच कार्डाने आपण अनेक कार्डं असल्याचं सोंग आणायचं आणि प्रत्येक व्हर्च्युअल मशिनला त्यातलं एकेक द्यायचं, ही सोय एसआर-आयओव्ही या नावाने बरीच वर्षं आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कार्डावरच आर्मचे कोर आणि वेगळी मेमरी बसवून फायरवॉल, एन्क्रिप्शन, स्टोरेज ही कामं तिथे हलवणं. अशा कार्डाला डीपीयू म्हणतात. ॲमेझॉनचं नायट्रो याच विचाराचं.

केबलवर मी सुरुवातीला नाहक संशय घेतला, पण केबलही अगदी निर्दोष नसते. २५ गिगाबिटपर्यंत एका वेळी एकच बिट तारेवर जातो, कमी किंवा जास्त अशा दोनच पातळ्या. १०० गिगाबिटच्या क्यूएसएफपी२८ केबलमध्ये अशा चार वाटा असतात. त्यापुढे वाटेमागचा वेग वाढवायला चार पातळ्या करून एका वेळी दोन बिट पाठवू लागले. त्याच उंचीत चार पायऱ्या बसवल्या की पायऱ्यांमधलं अंतर तिसऱ्या हिश्शावर येतं आणि चुका होणं ठरलेलंच. म्हणून सोबत दुरुस्तीचे जादा बिट पाठवतात. याला एफईसी म्हणतात. एका टोकाला एफईसी चालू आणि दुसऱ्याला बंद असेल, तर केबल धड, कार्ड धड, आणि लिंक काही लागत नाही. २५ गिगाबिटच्या उपकरणांत हे हमखास घडतं. वेगवेगळ्या कंपन्यांचं कार्ड आणि स्विच जोडताना आधी तेवढं बघून घ्यावं.

आणि हो, ही कार्डं तापतात. त्यांच्यावर पंखा नसतो, नुसती ॲल्युमिनियमची पाती. सर्व्हरच्या पंख्यांचा झोत गृहीत धरलेला असतो. टेबलावरच्या साध्या संगणकात लावून "जरा बघू" म्हणणाऱ्यांचं कार्ड थोड्याच वेळात तापून बंद पडतं.

त्या दुपारी शेवटी कार्ड शेजारच्या खऱ्या सोळा लेनच्या स्लॉटमध्ये हलवलं, प्रोग्रॅम त्याच बाजूच्या कोरांना बांधला आणि आठ कनेक्शन उघडली. आकडा आला ९४.१. उरलेले सहा शोधायला मी पुन्हा केबलकडे हात नेला होता, पण आधी कागदावर मांडणी केली. १५०० बाइटचं पॅकेट तारेवर १५३८ बाइट खातं आणि त्यात खरा मजकूर असतो १४४८ बाइट. भागाकार ९४.१ टक्के. तार काठोकाठ भरली होती. पॅकेटचा आकार दोन्हीकडे ९००० केला आणि आकडा ९९ झाला. एकट्या कनेक्शनचा वेगही मग २३ वरून बराच वर आला, कारण त्या बिचाऱ्या कोरला आता सहापट कमी पॅकेटं मोजावी लागत होती.